किनाऱ्याच्या वाटेने गोंयच्या सायबाकडे

वेंगुर्ल्याहून जुन्या गोव्याला पायी जायचं तर दोन वाटा आहेत. एक सावंतवाडी-बांद्याकडून महामार्गाची. दुसरी समुद्राच्या अंगाने जाणारी: मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी, मग तेरेखोलची खाडी ओलांडून केरी, हरमल, मांद्रे, चोपड्याच्या पुलावरून शिवोली, आणि पुढे म्हापसा, पर्वरी, पणजी, रायबंदर. आमचा गट दुसऱ्या वाटेने जातो. महामार्गावरच्या ट्रकांपेक्षा ही वाट बरी, आणि म्हाताऱ्या माणसांना टेकायला कुठे ना कुठे एखादा पार किंवा ओटा मिळतो.

गोंयचा सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. त्यांचा सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधीची नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते. नोवेनाच्या दिवसांत कधीतरी तिथे पोहोचायचं, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकायची, सायबाच्या पायाशी डोकं ठेवायचं, असा आमचा बेत असतो. पंढरीला जाणारे आमचे शेजारी दिवाळी झाली की विचारतात, "तुमची वारी कधी निघते?" आता आम्हीही वारीच म्हणतो.

पहाटे चारला निघतो. पुढे लाकडी क्रूस, मागे बॅटरी घेतलेला एकजण, मध्ये बायका-पोरं. चालताना तेर्स म्हणायची, म्हणजे मरियेच्या जपमाळेची प्रार्थना; तिचे पाच-पाच रहस्यांचे भाग असतात. पहिले पाच रहस्य संपेपर्यंत सगळ्यांचे आवाज खणखणीत असतात. उजाडताना धुकं खाली बसलेलं असतं, भात कापून झालेल्या मळ्यांत कुळीथ उगवून आलेले असतात, आणि वाटतं की असंच चालत राहावं. १९३०च्या सत्याग्रहातली शिरोड्याची मिठागरं दिसेपर्यंत ऊन चढतं. तिथे उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड आणि भाजलेला सुका बांगडा. पेज पिऊन उठताना पहिल्यांदा कळतं की पाय आपले आहेत.

संध्याकाळी रेडीला मुक्काम. तिथे सगळ्यात महत्त्वाचं काम पायांचं असतं. आमच्या गटातल्या एक आजी कोकमाच्या तेलाचा पांढरा गोळा कागदात गुंडाळून आणतात. पळीत तुकडा धरून मेणबत्तीवर वितळवायचा आणि कोमट असतानाच टाचेच्या भेगांत बोटाने भरायचा. थंड झाला की तो भेगेतच गोठतो, मेण ओतल्यासारखा. आजी आधी इतरांच्या टाचा भरतात, शेवटी स्वतःच्या. कोणी "आजी, द्या, मी लावते" म्हटलं तर हात बाजूला सारतात. मी त्यांच्या तोंडून कधी अध्यात्मावर एक वाक्य ऐकलेलं नाही. पण ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले तो उतारा पवित्र गुरुवारी वाचला जातो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आजींची पळी येते.

दुसऱ्या दिवशी तेरेखोल. किल्ल्यात संत अंतोनीचं छोटं चर्च आहे. खाली येऊन फेरीबोटीने खाडी ओलांडायची की पलीकडे केरी. या फेरीबोटीत रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, काम करणारे आमचे एक काका माझ्याशेजारी उभे होते. काका अनवाणी चालतात. त्यांनी दारू सोडली, पुन्हा घेतली, पुन्हा सोडली, हे सगळ्या वाड्याला माहीत आहे आणि तेही लपवत नाहीत. पडले तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेर्सेला येऊन मागच्या बाकावर बसतात. लोक बघतात, कुजबुजतात, तरी येतात. मी विचारलं, "काका, कधी वाटत नाही का, की काही उपयोग नाही याचा?"

काका पाण्याकडे बघत म्हणाले, "बाय, रापण वडताना मासळी दिसता काय? हातात दोरी तेवढी. एकान सोडल्यान तर सगळ्यांचीच गेली."

रापण ओढताना मी लहानपणापासून पाहिली आहे. दोन्ही बाजूंनी माणसं दोरीला लागतात, कंबर मागे टाकून तासन् तास ओढतात, आणि जाळं वाळूवर येईपर्यंत आत काय आहे कोणालाच सांगता येत नाही. काकांच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य धीराचं होतं. दुसरं मला जास्त लागलं. आपली श्रद्धा ही फक्त आपली खाजगी बाब आहे असं आपण धरून चालतो. मी प्रार्थना सोडली तर माझंच नुकसान, एवढंच वाटतं. पण मागच्या बाकावर काका दिसले नाहीत तर त्या दिवशी आणखी कोणाचा हात दोरीवरून सुटत असेल?

केरी ते हरमल हा टप्पा वेगळाच. भाड्याच्या स्कुटरी, रात्रीच्या गाण्यांनी जागलेले पाहुणे, आणि त्यांच्यामधून आमची "नमो मरिये". कोणी हात जोडतात, कोणी फोटो काढतात. आम्ही चालतो.

मांद्र्याच्या पुढे दुपार माथ्यावर आली की वारीतला सगळ्यात कठीण भाग सुरू होतो. पहिल्या दिवसाचा उत्साह उतरलेला, पोहोचल्याचा आनंद अजून लांब. आवाज बसतात. तेर्स म्हणताना ओठ हलतात आणि मन चपलेच्या पट्ट्यावर असतं. अशा वेळी आमच्यातली कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्या जवळ आली.

"आंटी, एक विचारू? मला हल्ली प्रार्थनेत काहीच वाटत नाही. दहावीत असताना रिट्रीटमध्ये, त्या प्रार्थना-शिबिरात, मी रडले होते. आता नुसते शब्द. मग मी ढोंग करते का?"

हा प्रश्न मला स्वतःला अनेक वर्षं पडला होता, आणि एका येशूसंघीय (जेझुइट) फादरांनी त्याचं जे उत्तर दिलं होतं तेच मी तिला दिलं. ते उत्तर ज्यांनी प्रथम लिहून ठेवलं ते इग्नेशियस लोयोला हे आमच्या सायबाचेच गुरुबंधू. पॅरिसमध्ये शिकताना दोघे एका खोलीत राहत. झेवियर यांनी बराच काळ त्यांना दाद दिली नव्हती. पुढे १५ ऑगस्ट १५३४ला मोंमार्त्रच्या टेकडीवर सोबत्यांसह दोघांनी व्रत घेतलं. इग्नेशियस यांनी साधकांसाठी नियम लिहिले. त्यांत ते सांगतात की मन कोरडं पडलेलं असताना, देव दूर गेला असं वाटत असताना, आधी ठरवलेलं काही बदलू नये. मन प्रसन्न असताना केलेला निश्चय धरून राहावं. उलट अशा वेळी प्रार्थना थोडी वाढवावी. तासभर बसायचं ठरवलं असेल आणि उठावंसं वाटत असेल, तर तासापेक्षा थोडं जास्तच बसावं.

कोरडेपणाची कारणंही ते तीन देतात. एक, आपला आळस आणि निष्काळजीपणा. दुसरं, गोड अनुभवाची मजुरी मिळाली नाही तरी आपण किती सेवा करतो याची पारख. तिसरं, प्रार्थनेतला आनंद ही आपली कमाई नसून देवाची देणगी आहे हे आपल्याला आतून कळावं म्हणून. आमच्याकडे लोक पहिलंच कारण धरून बसतात. प्रार्थनेत मन लागत नाही म्हणजे नक्की काहीतरी पाप, असं घरची मोठी माणसंच सांगतात, आणि पोरं घाबरून प्रार्थनाच सोडतात. उरलेली दोन कारणं त्यांना कोणी सांगत नाही. हे मला फार लागतं. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की त्यांचं अंतःकरण कितीतरी वर्षं अंधारात होतं. त्या काळातही त्या पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या आणि दिवसभर मरणाऱ्यांची सेवा करत होत्या. त्यांना कोणी ढोंगी म्हणेल का?

मी तिला म्हटलं, "काही वाटत नसताना तू बसतेस, तेव्हा तू देवासाठी बसतेस. वाटण्यासाठी नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मग वाढ होते आहे हे कळणार कसं?"

हा चांगला प्रश्न होता. बायबलमध्ये संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याचं फळ काय ते सांगितलंय: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. त्यात रडू येणं नाही, अंगावर काटा येणं नाही. तेव्हा बघायचं ते घरात. माडबागेच्या वाटणीवरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोन भाऊ आमच्या गटात आहेत. एकाने एका वारीत दुसऱ्याची पिशवी उचलली, पुढच्या वर्षी पेजेच्या पंगतीला शेजारी बसला, आणि मग कधीतरी सातबाऱ्याची गोष्ट निघाली. वाटणीचा वाद अजून मिटलेला नाही. पण नाताळला दोघांच्या घरचे नेवऱ्या-दोदोल एकमेकांकडे जातात. मी याला वाढ म्हणते, आणि ती इतक्या हळू झाली की झाली तेव्हा त्यांनाही कळली नसेल.

चाळिशीतल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, उपवासांबद्दलही माझं मत असंच आहे. चाळिशी सुरू होते त्या राखेच्या बुधवारी उत्साहात मोठमोठे निश्चय करायचे, मांस बंद, मालिका बंद, रोज बायबलचे पाच अध्याय, आणि दुसऱ्या आठवड्यात सगळं गळून पडायचं. त्यापेक्षा रोज झोपण्याआधी दहा मिनिटं दिवसाची उजळणी करावी: आज देवाने काय दिलं, मी कुठे चुकले, उद्या काय सुधारायचं. पण तेवढं ईस्टरनंतरही चालू ठेवावं.

शिवोलीला रात्र काढून म्हापसा, पर्वरी करत पणजीत उतरलो. पणजी ते रायबंदर हा पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात पाण्यातून बांधलेला सरळ रस्ता आहे, बाजूला खारफुटी आणि मिठागरं. इथे मुक्काम जवळ आलेला असतो, आणि इथेच पाय सगळ्यात जड होतात. त्या मुलीने क्रूस मागून घेतला आणि रायबंदरपर्यंत कोणाला दिला नाही.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझु चर्चच्या जांभ्या दगडाच्या भिंती दिसल्या की गटातल्या बायका हमखास रडतात. आत रांगेतून सरकत सायबाचा देह ठेवलेल्या चांदीच्या पेटीसमोर आलं की क्षणभरच उभं राहता येतं. मला दर वेळी तिथे एकच गोष्ट आठवते. हा माणूस १५४२ साली गोव्यात उतरला, तमिळ मुलखातल्या मोत्यांच्या किनाऱ्यावर, मलाक्क्यात, मोलुक्का बेटांवर, जपानात फिरला, आणि १५५२ साली चीनच्या दारात एका बेटावर, होडीची वाट बघत वारला. वय शेहेचाळीस. ज्या देशात जायचं होतं तिथे त्याचं पाऊल पडलं नाही. पौलही फिलिप्पैकरांना लिहितो की मी अजून मिळवलेलं नाही, पूर्ण झालेलो नाही, पण पुढे धावतो आहे. तेव्हा माझ्या कोरड्या प्रार्थनेची मी किती काळजी करावी?

परतीला आम्ही एसटीने येतो. खरी परीक्षा त्याच्या पुढच्या सोमवारी असते, मुलांचे डबे, पाण्याची मोटर, कार्यालयातली फाईल. म्हणून गेली काही वर्षं गटाने ठरवलंय की वारी संपली तरी गुरुवारी संध्याकाळी भेटायचं. पाळीपाळीने एकेकाच्या घरी. तेर्स आधी, मग शुभवर्तमानातला एक उतारा, आणि ज्याला बोलायचं त्याने बोलायचं. पावसात चारच माणसं असतात, तरी होतं. काका येतात. ती मुलगी शिकायला मुंबईला गेली, पण गुरुवारी सात वाजता फोनवरून वाचनात असते. सध्या मार्कचं शुभवर्तमान वाचतो आहोत. चौथ्या अध्यायात अडकलोय, कारण आजींचं म्हणणं आहे की बी पेरून झोपी जाणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट अर्धीच सांगितली आहे, मधल्या बेणणीचं, तण काढण्याचं काय? यावर फादर पुढच्या गुरुवारी येऊन बोलणार आहेत.