सरकीचे केस

वातींसाठी गावाकडून आलेल्या कापसात अजूनही एखादी सरकी निघते. ती फेकू नका. चिमटीत धरा आणि तिच्यावरचा कापूस बोटांनी हलकेच चहूबाजूंना विंचरा. मधे काळपट बी, भोवती पांढरंशुभ्र जावळ.

कापूस हे फूल नाही, फळाचा गरही नाही. ते बियांच्या अंगावरचे केस आहेत. एकेका सरकीवर दहा-पंधरा हजार तरी असतील, आणि त्यातला प्रत्येक केस म्हणजे एकच पेशी! शाळेत कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी बघायला सूक्ष्मदर्शकापुढे रांग लागायची. इथे अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची अख्खी पेशी उघड्या डोळ्यांनी दिसते, आणि आपण ती तेलात बुडवून पेटवतो. किंवा सदरा म्हणून अंगात घालतो.

पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, फूल उमलतं त्याच दिवशी आतल्या कोवळ्या बियांच्या सालीवर या पेशी डोकं वर काढतात. पुढचे अडीच-तीन आठवडे नुसती लांबी वाढते. मग आतून सेल्युलोजचे थर बसत जातात. बोंड फुटून ऊन लागलं की केस वाळतो, आतली पोकळी दबते आणि चपटा होता होता तो स्वतःभोवती पीळ खातो. टकळीपासून सूतगिरणीपर्यंत सगळ्यांचं पोट या पिळावर चालतं, कारण त्याच्यामुळेच एक केस दुसऱ्याला धरून राहतो. सावरीचा कापूस हाताला याहून मऊ, पण तो उगवतो फळाच्या आतल्या भिंतीवर, आणि असतो गुळगुळीत, सरळसोट. त्याचं सूत धड निघत नाही. उशीत भरा आणि झोपा.

केसांची हौस पऱ्हाटीच्या पानांनाही असते. पानामागची लव दाट असली की तुडतुड्यांना सोंड खुपसायला आणि अंडी घालायला अडचण होते, म्हणून असे वाण तुडतुड्यांपुढे टिकतात. छान! पण पांढऱ्या माशीला लवदार पानच आवडतं, आणि हिरव्या बोंडअळीची मादीही अंडी घालायला तेच शोधते. लव ठेवावी तर या दोघी खूश, काढावी तर तुडतुडे. नवीन वाण काढणाऱ्यांची मला खरंच दया येते. एवढा विचार तर न्हाव्याच्या खुर्चीत बसून आम्हीही करत नाही.