बिनकाट्याची करडई

परसातल्या एका कळीचा फोटो आईला पाठवला. लगेच उत्तर आलं, "करडई लावलीस का गं तिकडे?"

पहिल्यांदा मीही अशीच फसले होते. इंग्लंडमधल्या ब्रायटन शहराच्या मागे साउथ डाउन्स नावाच्या टेकड्या आहेत, शाळेतल्या खडूसारख्याच पांढऱ्या खडकाच्या. जुलैत तिथे भटकताना गवतात ही कळी दिसली. गोटीएवढी, खवल्यावर खवला, आणि सोलापूरकडची असल्यामुळे माझा हात आपोआप मागे आला. आमच्याकडे शाळूच्या कडेने करडईच्या ओळी पेरतात, म्हणजे गुरं आत तोंड घालत नाहीत. काढणीही पहाटेच, दहिवराने काटे जरा नरम असतात तोवर. ऊन चढलं की करडई कुणाचीच ऐकत नाही.

ही मात्र टोचलीच नाही. वाकून पाहिलं, तर प्रत्येक खवल्याच्या कडेला बारीक काळपट झालर, फणीच्या दातांसारखी. लांबून काटेच वाटावेत. फूल जांभळं. मधे दाट गोंडा आणि भोवती मोठी, विस्कटलेली फुलं. ही बाहेरची फुलं वांझ असतात. त्यांच्याकडे काम एकच, फुलपाखरं-मधमाश्यांना बोलावायचं. मांडवाच्या दारातली रोषणाई म्हणा ना.

नाव ग्रेटर नॅपवीड. नॅप म्हणजे डुलकी आणि वीड म्हणजे तण, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. पण इथला नॅप म्हणजे गाठ, कळीच्या त्या टणक गोळ्यावरून आलेला. शास्त्रीय नाव त्याहून मजेशीर: सेंटॉरिआ स्कॅबिओसा. नाव ग्रीक पुराणातल्या घोड्याचं अंग असलेल्या वैद्याकडून, आडनाव खरजेवरून, कारण एके काळी त्यावर हे औषध समजत. आणि कूळ? करडईचंच. आपला उटकटाराही त्यातलाच. म्हणजे आई फारशी चुकली नव्हती.

बियांचं पाकीट आणून शरद ऋतूत पेरलं आणि सवयीप्रमाणे लाड सुरू केले. परदेशातल्या मराठी माणसाला झाडाचे लाड करायची खोडच असते. कढीपत्त्याच्या एका कुंडीसाठी आम्ही हिवाळाभर खिडकीतली जागा अडवून ठेवतो. वाफ्यात पोतंभर कंपोस्ट घातलं, संध्याकाळी पाणी. दुसऱ्या उन्हाळ्यात पानं अशी माजली की विचारू नका, फुलं मात्र पाच-सहा. पहिल्या जोराच्या वाऱ्यात सगळं आडवं.

या झाडाला खडूची हलकी, भुकेली जमीन लागते. मूळ खोल जातं, कोरड सोसतं. सुपीक मातीत गवत माजतं आणि रानफुलं दडपून जातात. इंग्लंड-वेल्समधली फुलांची कुरणं १९३० च्या दशकापासून पुढच्या पन्नासेक वर्षांत सुमारे ९७ टक्के संपली, त्याला नांगराइतकीच खतंही कारण झाली. माझ्या वाफ्यात मी तेच केलं होतं, फक्त प्रेमाने.

शेडच्या मागे भिंतीचा पडलेला चुना-विटांचा राडा होता. तिथे एक बी आपसूक पडलं असावं. त्या रोपाला मी पाणी घातलं नाही, कारण ते आहे हेच मला ठाऊक नव्हतं. यंदा ते कमरेएवढं ताठ उभं राहिलं, वीसेक गोंडे घेऊन. आईला पाठवलेला फोटो त्याचाच.

"तेल निघतं का?" आईने विचारलं.

"नाही."

"कोवळ्या पानांची भाजी?"

"मी तरी केली नाही."

"मग कशाला लावलंस?"

सप्टेंबरात गोंडे वाळले. मी कापले नाहीत. एका सकाळी व्हिडिओ कॉलवर बोलत असताना गोल्डफिंचची जोडी आली: लाल तोंड, पंखांवर हळदीची पट्टी. एक पक्षी वाळल्या बोंडावर बसला, दांडा खाली झुकला, आणि त्याने शांतपणे आतलं एकेक बी ओढायला सुरुवात केली. मी फोन खिडकीकडे वळवला.

क्षणभर आईही गप्प झाली. लहानपणी शाळू राखायला माळ्यावर गोफण घेऊन बसलेली बाई ती.

"अगं, बघत काय बसलीस?" ती ओरडली. "हाकल त्यांना! सगळं बी खातायत!"