पायदळ

आमच्याकडे धडधाकट माणूस रस्त्यानं पायदळ जाताना दिसला की जो तो गाडी थांबवून विचारतो, "काऊन बाप्पा, गाडी बिघडली का?" अकोल्याकडच्या पातूर–मेडशी रस्त्यावर फाट्याला माझं किराणा-चहाचं दुकान आहे. डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट दाखवून रोज चालायला सांगितलं, तेव्हापासून हा प्रश्न मलाही येतो. उत्तरं देऊन कंटाळलो. आता हातात रिकामी पिशवी घेऊन निघतो. पिशवी दिसली की माणूस कामाला चालला असं समजतात आणि सोडून देतात.

घरची पोरं दहा हजार पावलांचा हट्ट धरतात. हा आकडा कोण्या डॉक्टरानं काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तरी पोरांचं मन मोडत नाही, मोबाईल खिशात असतो.

पण निमित्त असलं की हाच रस्ता चालणाऱ्याच्या पाया पडतो. पहाटे पोलीस भरतीची पोरं इथं सोळाशे मीटर मारतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर, मेडशी करत पंढरपूरला जाते. पांढरे कपडे, भगव्या पताका, टाळ, आणि रांग अशी की ट्रकवालेही गुमान मागे राहतात. गावोगावी रांगोळ्या, केळी, चहा. त्या दिवशी माझ्याकडे चहाचे पैसे घेत नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये उलट्या दिशेनं राहुल गांधींची भारत जोडो यात्रा आली. कन्याकुमारीहून ७ सप्टेंबरला निघालेली, नांदेड, हिंगोली, वाशिम करत आमच्या तालुक्यात, आणि १८ तारखेला शेगावात सभा. त्यांची चाल झपाझप, आमच्याकडचे पुढारी अक्षरशः पळत होते. (गाडीनं पुढे जाऊन फोटोपुरते 'पायी' होणारे प्रत्येक पदयात्रेत असतात, पक्ष कोणताही असो.)

राजकारणात पायांना वजन आणलं ते गांधीजींनी. १९३० मध्ये साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर. स्वराज्य मिळाल्याशिवाय त्या आश्रमात परतणार नाही म्हणाले, म्हणून तर पुढे वर्ध्याला आले आणि १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. पवनारचे विनोबा १९५१ मध्ये हैदराबादकडे चालत गेले, पोचमपल्लीत शंभर एकर जमीन दान मिळाली, आणि मग तेरा वर्षं चालतच राहिले. मला विनोबांचं जास्त पटतं. मोटारीतून उतरून जमीन मागितली असती तर माझ्या आज्यानं धुऱ्याची मातीसुद्धा दिली नसती.

आणि आमच्या बाया? सकाळी डबा, खुरपं घेऊन निंदायला निघतात. त्यांना कोणी विचारत नाही गाडी बिघडली का म्हणून, कारण त्यांना गाडी असेल असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कमरेला झोळीसारखा ओटा बांधून पऱ्हाटीच्या तासातून दिवसभर खाली-वर, आणि सांजच्याला डोक्यावर गवताचा भारा घेऊन परत. पालखी आली की त्या रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या राहतात, मग वावरात उशीर झाला म्हणून मालकाची बोलणी खातात.

यंदाचा त्यांचा त्रास वेगळा आहे. आमचा हा रस्ता, म्हणजे अकोला–नांदेड महामार्ग, चौपदरी झाला. गाड्या बुंगाट जातात, चांगलं झालं. पण आमचं गाव एका अंगाला, वावरं दुसऱ्या अंगाला, मधी दुभाजक. ओलांडायची जागा पार लांब. म्हणून बाया आधी भारा पलीकडे ढकलतात, मग लुगडं सावरत स्वतः चढतात, आणि तेवढ्यात समोरून ट्रेलर येतो. पाहणीला आलेल्या एका साहेबांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, "पुढे यू-टर्न आहे ना." शेजारी उभी असलेली माझी वहिनी म्हणाली, "साहेब, मंग मले इंडिकेटर बी लावून द्या."

निवडणूक आली की पुन्हा कोणीतरी पदयात्रा काढेलच. कोणत्याही झेंड्याची असो, चहा माझ्याकडून. फक्त माझं दुकान रस्त्याच्या वावराकडच्या अंगाला आहे, आणि गावातून इकडे येताना नेत्यानं गवताचा एक भारा डोक्यावर घेऊन दुभाजक ओलांडायचा. भारा वहिनी देणार आहे.