निघता निघता

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना घरी सांभाळणाऱ्या शुभंकरांचा एक गट मी चालवते. चालवते म्हणजे खुर्च्या गोल मांडते, वेळ बघते आणि एकच जण बोलत सुटला की दुसऱ्या कुणाकडे तरी बघते. त्या दिवशीचा विषय ठरलेला होता : रात्री उठून घराबाहेर पडणारं माणूस. कडी कुठे लावायची, दिवा ठेवायचा की नाही, औषधांबद्दल डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं. अशी बैठक आपोआप रंगते, कारण प्रत्येकाकडे एखादी युक्ती असते आणि ती सांगताना माणूस जरा ताठ बसतो.

दाराजवळच्या खुर्चीत एक ताई बसायच्या. नवऱ्याचा आजार बराच पुढे गेलेला, सगळं अंथरुणातच. कसं चाललंय असं कुणी विचारलं की उत्तर एकच, "चाललंय." सांभाळणाऱ्यावर किती भार पडतोय ते मोजणारी एक प्रश्नावली गटात येताना सगळ्यांकडून भरून घेतो; तीतही त्यांचा भार मध्यमच निघाला होता. ही प्रश्नावली स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली; आज तिचं २२ प्रश्नांचं रूप जगभर वापरतात. वेळ, पैसा, राग, ताण यांबद्दल ती नीट विचारते. पण 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंतच्या उत्तरांत ज्याला मधलं घर निवडायचंच आहे, त्याच्यापुढे कुठलीही प्रश्नावली हतबल असते. गप्प माणसाला बोलतं करायची घाई मी करत नाही. तोही गटातच असतो. इथे काय बोललेलं चालतं, याचा अंदाज घेत असतो.

शेवटची पाच मिनिटं उरली होती. मी पुढच्या बैठकीचं सांगत होते. ताई उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "रात्री त्यांचा श्वास ऐकत पडलेली असते. कधीकधी वाटतं, थांबावा आता एकदाचा."

गटकार्य करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. सगळ्यात अवघड गोष्ट उठता उठता बोलली जाते, कारण मग उत्तर ऐकायला थांबावं लागत नाही. अशा वेळी "ताई, आपण नंतर बोलू या" म्हणून त्यांना बाजूला घेणं सोपं, वर सभ्यही दिसतं. पण त्यातून बाकीच्यांना एवढंच कळलं असतं की हे इथे बोलायचं नसतं. मी म्हटलं, "ताई, बसता का जरा? आपण पंधरा मिनिटं वाढवू या. ज्यांना घरी जायलाच हवं त्यांनी निघावं." कुणी निघालं नाही.

पहिले बोलले ते निवृत्त शिक्षक असलेले काका. त्यांच्या पत्नीला हाच आजार. "असं मनातसुद्धा आणू नये," ते जवळजवळ रागावूनच म्हणाले. ताई पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. मी त्यांची बाजू घेतली नाही. घेतली असती तर एकीकडे ताई आणि मी, दुसरीकडे काका, अशी फाळणी तिथल्या तिथे झाली असती, आणि काका पुढे कधी तोंड उघडते ना. मी फक्त विचारलं, "काका, हे ऐकून तुम्हाला काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही."

मग वडिलांना सांभाळणारा एक तरुण बोलला. "मला तर रोज वाटतं. आणि ज्या दिवशी वाटतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना दुप्पट वेळ फिरवून आणतो." त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "मी तर कुणाला आधी फोन करायचा, ते पण मनात ठरवून ठेवलंय." कुणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले. बाहेरच्या माणसाला ते हसणं क्रूर वाटलं असतं.

समाजकार्याचे अभ्यासक विल्यम श्वार्ट्झ यांनी १९६१ मध्ये गटाकडे परस्परसाहाय्याचा उद्योग म्हणून बघितलं होतं : मदत सभासदांनी एकमेकांना करायची, गट चालवणाऱ्याने ती वाट अडू द्यायची नाही. हे शिकवायला सोपं आहे. प्रत्यक्षात अशा वेळी जिभेवर आलेलं सांत्वनाचं वाक्य गिळणं फार जड जातं. "असं वाटणं स्वाभाविक आहे" हे माझ्या तोंडून आलं असतं तर ते पाठ्यपुस्तकातलं वाक्य ठरलं असतं. त्या तरुणाचं दुप्पट फिरवून आणणं ताईंच्या आतपर्यंत पोचलं. कुटुंबांवरच्या ताणाच्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी जिला संदिग्ध हानी म्हटलं, ती हीच : माणूस समोर आहे पण तो माणूस राहिलेला नाही, आणि शोक करायचीही सोय नाही. मी त्या दिवशी हे नाव उच्चारलं नाही. गरजच पडली नाही.

सगळ्यात शेवटी काका बोलले. "मला भीती वाटते ती मी आधी जाण्याची. मग तिला कोण बघणार? म्हणून मलाही वाटतं, तिनं माझ्याआधी जावं." आणि ताईंकडे वळून, "तुम्हाला बोललो, माफ करा." ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही बोललात ते मी स्वतःला रोजच बोलते."

पांगण्याआधी मी गोपनीयतेचा विषय पुन्हा काढला. गटात याची हमी अर्धीच देता येते : माझ्यापुरती मी देऊ शकते, बाकीच्यांकडून शब्द घ्यावा लागतो. घेतला. तरी माझं काम संपलं नव्हतं. शेवट व्हावा असं वाटणं आणि तो घडवून आणायचा विचार असणं यांत अंतर आहे, आणि ते चेहऱ्यावरून ताडता येत नाही. म्हणून ताईंना एकटीला गाठून आडवळण न घेता विचारलं. औषधं कोण देतं? कधी मुद्दाम द्यायची टाळावीशी किंवा जास्त द्यावीशी वाटली का? स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटतं? असं थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसतो, हा समज खोटा आहे. तिन्ही प्रश्नांना त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. झोपेबद्दल विचारल्यावर मात्र रडल्या. सलग झोप कधी लागली होती ते त्यांना आठवेना. भावाला आठवड्यातून दोन रात्री सोबतीला बोलवायचं आणि स्वतःच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जायचं, एवढं ठरवून आम्ही उठलो. नोंदीत मी 'धोका आढळला नाही' एवढ्यावर भागवलं नाही. काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते लिहिलं, आणि पर्यवेक्षकांच्या कानावर घातलं.

पुढच्या बैठकीला काका एक कागद घेऊन आले. आपल्यामागे पत्नीची सोय कशी व्हावी याचा आराखडा होता, कुठल्या वेळी काय औषध, कुठल्या गाण्याने ती शांत होते इथपर्यंत. गटाने त्यातल्या फटी दाखवायला सुरुवात केली : बँकेच्या खात्यावर सही कुणाची, उपचारांचे निर्णय कोण घेणार, मुलगा नाही म्हणाला तर? निम्म्या प्रश्नांची उत्तरं कायद्यातली होती आणि मला येत नव्हती. एखाद्या वकिलाला बोलवायचं ठरलं. तोवर प्रत्येकाने आपापला कागद लिहून आणायचा, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं.