जानापाववरचा बिनदुधाचा चहा

मे महिन्यात इंदूरला जाऊ नये, असं सगळे सांगतात. मी गेलो. मामेभावाने दुर्बीण घेतली होती, ताऱ्यांदरम्यानची धूळ दाखवतो म्हणाला होता आणि अमावास्या नेमकी शनिवारी येत होती. रामबागेत मामींनी संध्याकाळी पाचला पोहे पुढे ठेवले (इंदुरात पोह्यांना वेळकाळ नसतो). मामा म्हणाले, "धूळ बघायला जानापावला कशाला जाता रे? आपल्या गच्चीवर बोटभर साचलीय."

महूच्या पुढचा हा डोंगर. चंबळ इथेच उगम पावते. वर परशुरामाचं देऊळ आहे आणि गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. ईशान्येला इंदूरचा पिवळट उजेड होता, दक्षिण मात्र काळीकुट्ट.

एकच्या सुमारास वृश्चिक आणि धनू चांगले वर आले आणि आकाशगंगा दिसली, मधोमध चिरलेली. हंसापासून धनूपर्यंत काळी भेग. अशा काळ्या जागा खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेललाही आकाशातली भोकं वाटली होती. तारे तिथेही आहेत, त्यांच्या आड धूळ आलीय. १९३० साली रॉबर्ट ट्रंपलरने तारकागुच्छ तपासले, तेव्हा लांबचे गुच्छ त्यांच्या आकारावरून काढलेल्या अंतराच्या मानाने फारच मंद निघाले. वाटेत प्रकाश कुठेतरी मुरत होता.

मी ज्येष्ठेकडे बोट दाखवलं. "ही धुळीमुळेच लाल ना?"

"छे, ती मुळातच तांबडी!" भाऊ म्हणाला. ताऱ्याचा मूळ रंग वर्णपटावरून कळतो. दिसणारा रंग त्याहून जितका लाल, तितकी वाटेत धूळ जास्त.

मग त्याने पाण्याच्या बाटलीत चहासाठी आणलेलं होतं तेवढं थोडं दूध ओतलं आणि बुडाला टॉर्च लावला. बाजूने पाणी निळसर दिसत होतं. तोंडातून डोकावलो, तर टॉर्चचा दिवा मावळतीच्या सूर्यासारखा नारिंगी! रस्त्यावरची जाड धूळ सगळे रंग जवळपास सारखेच अडवते. ताऱ्यांदरम्यानच्या धुळीचे बरेच कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान. ते निळा जास्त उधळतात, लाल बराचसा सोडून देतात. अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, तर आणखी सहज पार होतो.

धनूतल्या त्या काळोखामागे, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आकाशगंगेचं केंद्र आहे. तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लाख कोटी कणांतला जेमतेम एखादा आपल्यापर्यंत पोचतो, अवरक्ताचा मात्र दहा-पंधरांतला एक. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांनी केंद्राभोवती फिरणारे तारे याच अवरक्तात वर्षानुवर्षं टिपले आणि तिथलं कृष्णविवर दाखवून २०२०चं नोबेल मिळवलं.

आमच्या दुर्बिणीला यातलं काहीच दिसणार नव्हतं. तरी मी तासभर त्या काळ्या भेगेवरूनच दुर्बीण फिरवत बसलो. भाऊ कंटाळून गाडीत झोपला.

चारला त्याला उठवून स्टोव्ह पेटवला, तेव्हा लक्षात आलं: दूध सगळं बाटलीत आणि बाटलीतलं पाणी टाकीवरचं. कोराच चहा प्यायलो.