मावशीचा दुसरा डबा

"हा डबा माझा नव्हे गं, त्या पोराचा."

पहाटेची खानापूर-बेळगाव बस. मावशीच्या मांडीवर दोन डबे. डावा हात पदराखाली. डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली फिस्टुलाची फुगलेली शीर कुठं आपटू नये म्हणून जपलेला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास.

ते पोर डायलिसिसला नवीन आहे. सुई बघून रडतं.

मी विचारलंच, "देवाकडं बरं कर म्हणून मागत नाहीस?"

"मागितलं की. बायबलातल्या पौलानंही तीनदा विनवलं, देहातला काटा काढ म्हणून. प्रभूनं काढला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' म्हणाला. आता त्या पोराशेजारी माझीच खाट आहे, बघ."

दिवसभर तो दुसरा डबा डोळ्यांपुढून हलला नाही. सुजल्या पायांनी पहाटे उठून परक्या लेकरासाठी चपात्या लाटायचं बळ, ही कृपाच नव्हे का?