थिंकपॅडचा प्रोसेसर बदलावा का?

वडिलांनी जपलेले जुने दिवाळी अंक मी स्कॅन करून टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने मजकुरात आणतोय, 2011 सालच्या थिंकपॅड टी420 वर. एरवी लॅपटॉप झकास आहे, असा कीबोर्ड आता मिळत नाही. पण पानांचा गठ्ठा लावला की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो आणि दुसरं काहीच धड चालत नाही.

मुलीचं एकच म्हणणं, "बाबा, नवीन घ्या ना." ठाणे स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला मात्र म्हणाला, "काका, यात क्वाड कोअर आय7 बसतो. टाकून देऊ?"

बसतो, हे खरं आहे. या पिढीचे प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खाचेत असायचे. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने सॉकेटचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की चिप हातात. पुढे पाचव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपच्या चिपा बोर्डावरच सोल्डर केल्या, मग तो विषयच संपला.

माझी चिप आय5-2520एम, दोन कोअर (कामं उरकणारे दोन भाग), 2.5 गिगाहर्ट्झ. तिच्या जागी आय7-2640एम टाकावी तर तीही दोन कोअरचीच, 2.8 ची. एवढ्या फरकासाठी खोलायचं कशाला? खरा फायदा आय7-2720क्यूएमचा. चार कोअर म्हणजे एका वेळी जास्त पानं, आणि माझ्या कामाला तेच हवंय. पण ती 45 वॉटची, माझी 35 ची. जास्तीची उष्णता त्याच पंख्याने आणि त्याच तांब्याच्या नळीने बाहेर फेकायची, तीही मे महिन्यात, नौपाड्यातल्या पश्चिमेच्या खोलीत! चिप शंभर अंशांजवळ गेली की स्वतःच वेग उतरवते. मग पैसे घातले कशासाठी?

म्हणून आधी पंखा काढून बघितला. जाळीत धुळीचा नमद्यासारखा थर साचलेला, चिपेवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून करडी भुकटी झालेली. स्पिरिटने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली. पूर्वी गठ्ठा लावला की तापमान पंचाण्णवला टेकायचं, आता ऐंशीच्या आसपास थांबतं आणि टर्बोचा, म्हणजे गरजेला चिप स्वतः वाढवते तो वेग टिकून राहतो. शिवाय टेसरॅक्टला चारऐवजी तीनच पानं एकदम दिली, की ब्राउझरही चालतो.

कुणी विंडोजसाठी आय7 चा विचार करत असेल तर थांबा. विंडोज 11 या पिढीला अधिकृतपणे चालत नाही, चिप बदलली तरी. विंडोज 10 चा सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मी लिनक्सवर आहे, म्हणून ती काळजी नाही.

प्रोसेसर आहे तोच ठेवतोय. त्या पैशांत हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकणार आणि रॅम चारची आठ जीबी करणार. दुरुस्तीवाल्याला तसं सांगून आलोय.